तो कस्तूर नव्हता

प्रश्न : गेल्या मे महिन्यात आम्ही कोडाईकनालला गेलो होतो. पहाटे धुक्यात शोला जंगलाच्या कडेने चालताना गचपणातून शीळ ऐकू आली. सोबतच्या एकाने मोबाइलवर तसाच आवाज लावला, तेव्हा एक पक्षी क्षणभर पुढे आला. वरून निळा, पोट पांढरं. तो आपल्या आंबोलीतला शीळकरी कस्तूरच का? पुन्हा जाणार आहोत. नीट कसा दिसेल?
– एक वाचक, सांगली

उत्तर : नाही, तो कस्तूर नव्हता. कस्तूर चांगला साळुंकीएवढा, आणि पोटाकडूनही काळानिळाच. पांढरं पोट सांगितलंत तिथेच ओळख पटली. ही पांढऱ्या पोटाची शोलाकिळी. चिमणीहून जेमतेम मोठी, पाय लांब, शेपूट आखूड. मल्याळममध्ये किळी म्हणजे पक्षी, आणि शोला म्हणजे उंच डोंगरांवर माळरानांमध्ये असलेली दाट जंगलं. पूर्वी तिला शॉर्टविंग म्हणत, मग रॉबिन म्हणू लागले. डीएनए तपासल्यावर ती दोघांचीही नाही असं दिसलं आणि २०१७ मध्ये तिच्यासाठी शोलिकोला ही वेगळी प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) मांडली गेली.

आपल्याकडे ती मिळायची नाही. पालघाट खिंडीच्या दक्षिणेला, पळणी (कोडाईकनालचे डोंगर) आणि अनामलाईच्या माथ्यावरच्या शोलांत तिचं घर. खिंडीच्या उत्तरेला, निलगिरीच्या बाजूला तिची तांबूस कुशीची बहीण राहते. मधली खिंड तीसेक किलोमीटर रुंद, सखल आणि उष्ण; गारव्याला सरावलेले हे पक्षी तिच्यात उतरत नाहीत. खिंड तर दूरच, दोन शोलांमधलं उघडं माळरानसुद्धा त्यांना नकोसं असतं. म्हणून शोला तोडून चहा लावला, माळांवर वॅटल नि पाइन अशी परकी झाडं लावली, त्याचं मला फार वाईट वाटतं. या पक्ष्याला दुसरीकडे जायला जागाच नाही.

आता मोबाइलचं. हे कृपा करून पुन्हा करू नका. मे म्हणजे तिच्या विणीचे दिवस. तो आवाज ऐकून आपल्या हद्दीत दुसरा कुणी घुसला असं नराला वाटतं. पिल्लांचं चारापाणी टाकून तो भांडायला धावून येतो, आणि समोर कुणीच नसतं. तुमच्यापुढे आला तो असाच आला असणार.

दिसण्यासाठी उजाडायच्या आधी वाटेकडेला बसा. मी एका पावसाळी आठवड्यात तीन पहाटे पांबार शोलाजवळ बसलो होतो. पहिल्या दोन दिवशी मिळालं ते गाणं आणि पायाला जळवा. तिसऱ्या दिवशी, माणूस ओळखू येईल न येईल इतक्या उजेडात, ती स्वतःच वाटेवर उतरली. ओली पानं चोचीने उलटत, दोन उड्या मारून थांबत, माझ्या बुटांपासून चार हातांवर आली. कॅमेरा पिशवीतच होता आणि मी तो काढला नाही. धुकं विरळ होऊन ऊन यायला लागलं तशी ती झुडपात शिरली.

तेव्हा मळकट हिरवे कपडे, जळवांसाठी लांब मोजे आणि सलग दोन-तीन सकाळी एवढं हाताशी ठेवा. आणि वनखात्याची परवानगी आदल्या दिवशीच घेऊन ठेवा.