फाइल खरी की जुनी उत्तरं?

प्रश्न : रामबागेतल्या आमच्या वाचनालयात डेबियन या लिनक्स प्रणालीवर चालणारा संगणक आहे. सभासदांना मेल पाठवणाऱ्या पॅकेजच्या (म्हणजे बसवलेल्या सॉफ्टवेअरच्या) फाइलमध्ये मी सर्व्हरचा पत्ता हाताने बदलला होता. बरेच महिने छान चाललं. परवा दुसरी एक सेटिंग बदलायला 'डीपीकेजी-रीकॉन्फिगर' (पॅकेजचे प्रश्न पुन्हा विचारणारी आज्ञा) चालवलं, बाकी प्रश्नांना नुसतं एंटर दिलं, तर जुना पत्ता परत आला! माझं काय चुकलं?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : काका, तुमचं काहीच चुकलेलं नाही. चूक पॅकेजची आहे, आणि अशी चूक दिसली की मला मनापासून राग येतो, कारण माणसाने विचार करून केलेलं काम त्यात न विचारता पुसलं जातं.

पॅकेज बसवताना तुम्ही दिलेली उत्तरं डेबकॉन्फ, म्हणजे पॅकेजचे प्रश्न विचारणारं डेबियनचं साधन, 'व्हार' फोल्डरमधल्या 'कॅश'मध्ये ठेवतं. ती फक्त प्रश्न विचारण्यापुरती साठवण. खरी सेटिंग 'इटीसी' फोल्डरमधल्या फाइलमध्ये असते. तुम्ही फाइल बदललीत, पण साठवलेलं उत्तर जुनंच राहिलं. पॅकेजने तेच समोर धरलं, तुम्ही एंटर दाबलं आणि त्याने फाइल नव्याने लिहून टाकली.

चांगलं पॅकेज प्रश्न विचारण्याआधी फाइल वाचतं आणि तिच्यातली सध्याची सेटिंग डेबकॉन्फला देतं. मग एंटर दाबलं तरी तुमचाच पत्ता राहतो. लिहितानाही ते तेवढीच ओळ बदलतं. तुमच्या टिपा आणि इतर ओळींना हात लावत नाही. आणि फाइलमध्ये त्याला न समजणारं काही असेल, तर 'आहे तसं ठेवू का?' असं विचारावं. हे काही माझं मत नाही. अपग्रेडमध्ये वापरणाऱ्याने केलेले बदल टिकलेच पाहिजेत, असं डेबियनची पॉलिसी स्पष्ट सांगते. रीकॉन्फिगर करताना तो नियम सैल का व्हावा?

आता पत्ता पुन्हा फाइलमध्ये घाला. पुढच्या वेळी आधी 'डेबकॉन्फ-शो' आणि पॅकेजचं नाव देऊन साठवलेली उत्तरं बघा, फाइलची एक प्रत काढा. 'इटीसीकीपर' बसवलंत तर बदलांचा इतिहासही राहील.

आणि 'रिपोर्टबग'ने तक्रार जरूर नोंदवा. फाइलमध्ये काय होतं, कोणत्या प्रश्नाला एंटर दिलं, नंतर काय झालं, एवढं क्रमाने लिहा. पॅकेज सांभाळणाऱ्याला दुरुस्तीसाठी हेच हवं असतं.