नऊ फुटांची ओळ आणि चोवीस एचपीचे दोन ट्रॅक्टर

प्रश्न : माझी साडेतीन एकर द्राक्षबाग आहे. लागण ९ बाय ५ फुटांवर, मांडव पद्धत. शिवाय दोन एकर ऊस, सरी साडेचार फुटांची. चाकांचा ६०० लिटरचा फवारणीचा ब्लोअर स्वतःचा आहे, पण तो ओढायला दरवेळी दुसऱ्याचा ट्रॅक्टर आणावा लागतो. आता आपलाच घ्यायचं ठरवलंय. कुबोटाचा निओस्टार बी २४४१ आणि महिंद्राचा जिवो २४५ डीआय या दोघांत अडकलोय. दोन्ही २४ एचपी, दोन्ही फोर व्हील ड्राइव्ह, दोन्हींची लिफ्ट ७५० किलो. किमतीतही फार अंतर नाही. धाकटा भाऊ एक म्हणतो, वडील दुसरा. तुम्ही सांगाल तो घेतो.
– एक बागायतदार, सावळज (ता. तासगाव)

उत्तर : मी सांगेन तो घेऊ नका. पोळलोय म्हणून सांगतो. पलूसला गॅरेज टाकून मला तेहतीस वर्षं झाली. मधल्या एका वर्षी आमच्या दाजींनी मला अगदी हाच प्रश्न विचारला होता. मी दोन्ही पत्रकं शेजारी शेजारी ठेवली, एचपी बघितला, लिफ्ट बघितली आणि चहा संपायच्या आत एक नाव सांगून मोकळा झालो. ट्रॅक्टर चांगलाच होता, अजून चालतोय. पण दाजींच्या बागेत ओळीच्या टोकाला ताणाच्या तारा आणि बांध यांच्यामध्ये जेमतेम दहा फूट जागा. ब्लोअर मागं घेऊन तिथं वळायचं म्हणजे पीटीओ शाफ्ट (ट्रॅक्टरची ताकद मागच्या अवजाराला देणारा फिरता दांडा) इतका तिरका व्हायचा की पहिल्याच हंगामात दोनदा क्रॉस, म्हणजे शाफ्टचा सांधा, तुटला. दुसऱ्यांदा तुटला तेव्हा बाग फुलोऱ्यात होती आणि रात्रभर पाऊस पडून गेलेला. भाऊबीजेला बहीण ओवाळायला बसली तर ताट खाली ठेवून म्हणाली, "दादा, ओवाळणी राहू दे, क्रॉस आणलास का?"

तेव्हापासून मी पत्रक शेवटी बघतो. आधी अवजार बघतो, मग रान.

तुमच्याकडं ब्लोअर आधीच आहे, हे फार बरं झालं. दोन्ही दुकानांत जाऊन सांगा, डेमो माझ्या बागेत, माझ्या ब्लोअरवर, टाकीत पूर्ण पाणी भरून. शोरूमच्या आवारात फेरी मारून काहीही कळत नाही, तिथं सगळेच ट्रॅक्टर शहाण्यासारखे वागतात. ६०० लिटर म्हणजे पाणीच ६०० किलो, वर ब्लोअरचं स्वतःचं वजन. एवढं वजन मागं असताना उतारावर ब्रेक कसा लागतो ते बघा. टोकाला वळताना शाफ्ट खडखडतो का ते उतरून, लांब उभं राहून बघा. भाऊ चालवेल, तुम्ही बघा.

आता दोघांतला फरक. कुबोटाचं इंजिन तीन सिलिंडरचं, ११२३ सीसी. जिवोचं दोन सिलिंडरचं, १३६६ सीसी. एचपी एकच, पण पहिलं ती ताकद जास्त फेऱ्यांवर काढतं आणि दुसरं कमी फेऱ्यांवर. दोन सिलिंडरचं मोठं इंजिन ओढीच्या कामाला खालच्या आरपीएमवर बरं पडतं, पण हादरे जास्त देतं. तीन सिलिंडरचं मऊ चालतं. दिवसभर फवारणीला बसणाऱ्याच्या कमरेला हा फरक संध्याकाळी बरोबर कळतो. तुमच्या घरी चालवणार कोण, भाऊ का वडील? हे तुम्ही पत्रात लिहिलंच नाही.

पण यापेक्षा मोठा फरक पीटीओत आहे. पत्रकावर ठळक छापलेला २४ हा इंजिनाचा एचपी. ब्लोअरचा पंखा आणि पंप त्याच्यावर फिरत नाहीत, पीटीओपर्यंत जेवढा पोचतो त्याच्यावर फिरतात. तिथं सतरा-अठरा पोचतात की एकवीस-बावीस, हे पत्रकात आत कुठंतरी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. ते शोधा आणि ब्लोअरला किती लागतो ते त्याच्या पाटीवर बघा. कमी पडला तर पंखा दमतो आणि मांडवाच्या वरच्या पानाच्या पाठीमागं औषध पोचत नाही. डाऊनी, म्हणजे केवडा रोग, नेमका तिथंच बसलेला असतो.

आणि गिअर. हे कुणी विचारत नाही म्हणून जरा सविस्तर सांगतो. एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. नऊ फुटांच्या ओळी म्हणजे एकरात ४,८४० फूट, साधारण १,४७५ मीटर चालायचं. ताशी ४ किलोमीटरनं गेलात तर एकराला २२ मिनिटं, वळणं आणि टाकी भरणं सोडून. तुमच्या नोझलमधून मिनिटाला १८ लिटर जात असतील तर एकरी ४०० लिटरच्या आसपास पाणी बसलं. आता समजा, ट्रॅक्टरला पीटीओ मिनिटाला ५४० फेऱ्यांवर ठेवून जे गिअर मिळतात, त्यांत एक ताशी २.८ चा आणि त्याच्या वरचा थेट ५.१ चा आहे. खालच्या गिअरमध्ये एकरी ५७० लिटर जाणार, पानावरून गळून खाली पडणार. वरच्यात ३१० लिटर, आतलं पान कोरडं. मधला गिअरच नाही. मग लोक काय करतात? थ्रॉटल कमी-जास्त करतात. त्यानं पीटीओ ५४० वर राहत नाही आणि पंख्याचा वारा बदलतो. म्हणून ‘गिअर किती’ यापेक्षा ‘पीटीओ ५४० वर असताना ताशी ३ ते ५ किलोमीटरच्या मध्ये किती गिअर पडतात’ हे दुकानदाराला विचारा. त्याला सांगता आलं नाही तर रागावू नका. ओळीत १०० फुटांवर दोन खुणा करा, हातात मोबाईलचं घड्याळ घ्या आणि प्रत्येक गिअरमध्ये एकदा जा. १०० फुटांना साडेसत्तावीस सेकंद लागले तर तो ताशी ४ चा गिअर. चारचं माझं गणित तुमच्या ब्लोअरला लागू पडेलच असं नाही. तुम्ही आज एकरी किती पाणी देता त्यावरून तुमचा आकडा काढा.

नऊ फुटांच्या ओळीची काळजी करू नका. या मापाचा कुठलाही मिनी ट्रॅक्टर तिथं खेळतो. तुमची अडचण उसात आहे. साडेचार फूट म्हणजे ५४ इंच. टायरच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत ४२ इंच धरले तर दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच उरतात, आणि भरणीच्या वेळी पाला सरीत आलेला असतो. टेप घेऊन जा आणि स्वतः मोजा. पत्रकातली रुंदी बहुतेकदा सगळ्यात अरुंद टायर बसवून दिलेली असते. डिस्क फिरवून चाकं आत घेता येतात, पण रान उताराचं असेल तर त्यात जपून.

मांडवाची उंची मोजताना टोकाच्या अँगलपाशी मोजू नका. मधल्या ओळीत मोजा, आणि घड भरल्यावर मांडव जेवढा खाली येतो तेवढं त्यातून वजा करा. सायलेन्सर उभा असेल तर खाली घेता येतो का विचारा, नाहीतर वरची पानं करपतात. पाठीमागचा संरक्षक दांडा दुमडता येणारा हवा.

फोर व्हील ड्राइव्ह तुम्हाला लागणारच. पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी चिखलात जायचं, ते टू व्हीलचं काम नाही. पण डांबरीवर तो जोडून चालवू नका. पुढची चाकं मागच्यांपेक्षा किंचित जास्त वेगानं फिरतील अशीच रचना असते. मातीत ती घसरून सावरतात, डांबरीवर टायर आणि पुढचे गिअर झिजतात. पुढचे टायर बदलाल तेव्हा त्याच मापाचे घ्या. स्वस्तात जरा मोठे मिळाले म्हणून टाकलेले आणि पुढचा ॲक्सल घेऊन माझ्याकडं आलेले महाभाग मी मोजायचे सोडून दिलेत.

एवढं सगळं बघून दोन्ही सारखेच निघाले तर? तर तासगावात जा आणि दोन्ही दुकानांच्या मागं, वर्कशॉपमध्ये उभे राहा. ऑक्टोबरात सकाळी सातला फोन केला तर सावळजला माणूस किती वाजता पोचतो, हे तिथं आलेल्या गिऱ्हाइकांना विचारा, मालकाला नको. तुमच्या रोजच्या कामात फवारणीच जास्त असल्यानं मी स्वतः मऊ चालणाऱ्या इंजिनाकडं झुकलो असतो, पण पीटीओचा आकडा ब्लोअरला पुरत असेल तरच. पुरत नसेल तर वडिलांचं ऐका. ते जिवो म्हणत असावेत असा माझा अंदाज आहे.

प्रश्न : सहा एकर ऊस आहे. नांगरट, रोटर, पाचट कुट्टी घरची करून उरलेल्या दिवसांत भाड्यानं रोटर मारायचा विचार आहे. महिंद्रा ५७५ चार सिलिंडरचा आणि स्वराज ७४४ तीन सिलिंडरचा. चार सिलिंडरमध्ये ताकद जास्त ना?
– एक वाचक, वाळवा तालुका

उत्तर : सिलिंडर मोजून ताकद कळली असती तर माझ्याकडं कुणी आलंच नसतं. तीन मोठे सिलिंडर आणि चार लहान सिलिंडर तेवढंच काम करू शकतात. चारचं इंजिन गुळगुळीत चालतं. तीनचं खालच्या आरपीएमवर दम धरतं आणि त्यात डिझेलचा नोझल एक कमी असतो, एवढंच. पट्टीच्या स्वराजवाल्यांचा अभिमान बघितला की मला मजा वाटते. स्वराज मूळची मोहालीच्या पंजाब ट्रॅक्टर्सची. तिची इंजिनं बनवणारी स्वराज इंजिन्स ही कंपनी १९८५ साली पंजाब ट्रॅक्टर्स आणि किर्लोस्कर ऑइल इंजिन्सनी मिळून काढली. आणि २००७ पासून पंजाब ट्रॅक्टर्स महिंद्रांकडंच आहे. म्हणजे पारावर जे दोन गट भांडतात त्यांचं घर एकच.

या मापाचे ट्रॅक्टर सगळे ४५ ते ५० एचपीच्या मध्येच गर्दी करून का उभे आहेत, हेही सांगतो. १ जानेवारी २०२३ पासून ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरना धुराचे नवे, कडक नियम लागू झाले. त्यासाठी इंजिनावर जास्तीची यंत्रणा लागते आणि किंमत वाढते. म्हणून कंपन्या पन्नासच्या उंबऱ्याच्या आतच थांबतात. ४७ आणि ४९ मधल्या फरकाला म्हणूनच फार किंमत देऊ नका.

तुम्ही बघायचं ते क्लच. सिंगल क्लच दाबला की ट्रॅक्टरबरोबर पीटीओही थांबतो. ड्युएल क्लचमध्ये अर्धा दाबला की चाकं थांबतात, पीटीओ फिरत राहतो. पाचट कुट्टीत पाचट गुंतलं की तुम्ही ट्रॅक्टर जागेवर थांबवणार आणि यंत्र फिरतं ठेवून, हात न घालता, ते आपोआप बाहेर पडू देणार. सिंगल क्लचमध्ये हे जमत नाही, आणि दुसऱ्याच्या रानात, भाड्याच्या तासात, ते फार खटकतं. एकाच मॉडेलमध्ये दोन्ही प्रकारचे क्लच येतात, तेव्हा कोटेशनवर ‘ड्युएल’ असं लिहून घ्या. ट्रॉली ओढणार असाल तर ब्रेक तेलातले घ्या, कोरडे नको.

भाड्याच्या धंद्यात डिझेल हाच नफा. मध्य प्रदेशात बुधनीला सरकारी ट्रॅक्टर तपासणी संस्था आहे. तिथल्या अहवालात पीटीओवरची मोजलेली ताकद, त्या ताकदीला लागणारं डिझेल, लिफ्ट, चालकाच्या कानापाशी येणारा आवाज, इतकंच काय, इंजिन खोलून मोजलेली झीजही असते. दोन्ही मॉडेलचे अहवाल मागा आणि डिझेलचा रकाना शेजारी शेजारी ठेवा.

प्रश्न : महाडीबीटीवर (सरकारी योजनांच्या पोर्टलवर) ट्रॅक्टरच्या अनुदानासाठी अर्ज केलाय, निवड व्हायची आहे. दुकानदार म्हणतो, आत्ता ट्रॅक्टर घेऊन जा, अनुदान मागाहून जमा होईल. घेऊ का?
– एक वाचक, कोरेगाव (जि. सातारा)

उत्तर : नाही. आधी निवड, मग कागदपत्रं, मग पूर्वसंमतीचं पत्र, आणि त्यानंतरच्या तारखेचं बिल. पूर्वसंमतीच्या आधीचं बिल असेल तर अनुदान गेलं, मग दुकानदार कितीही गोड बोलू दे. कागदपत्रांत कोटेशनबरोबर त्याच मॉडेलचा तपासणी अहवालही द्यावा लागतो. तो या निमित्तानं हातात येणारच आहे, तर अपलोड करायच्या आधी एकदा वाचा. आणि जुनं कोटेशन असेल तर फाडून नवं घ्या : २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आलाय.