ऑगस्टअखेरीस सिसिलीला जायचे असल्यास कोणते समुद्रकिनारे आणि किनाऱ्यावरची कोणती गावे पाहावीत?

आपण विचारले आहे की, ऑगस्ट संपताना दहा-बारा दिवसांसाठी सिसिलीला जायचे असून समुद्रकिनारे आणि किनाऱ्यावरची गावे हाच मुख्य हेतू आहे, तर गाडी घेऊन बेटाची पूर्ण प्रदक्षिणा करावी का? माझे स्पष्ट मत असे की, करू नये. सिसिली हे भूमध्य समुद्रातील सर्वांत मोठे बेट आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे २५,७०० चौरस किलोमीटर असून किनारा एक हजार किलोमीटरहून लांब आहे. रोज मुक्काम हलवला, तर दिवसाचा उत्तम भाग रस्त्यावर आणि संध्याकाळ वाहनतळ शोधण्यात जाते. त्यापेक्षा वायव्येकडचा आणि आग्नेयेकडचा असे दोनच कोपरे निवडावेत आणि प्रत्येक ठिकाणी निवांत राहावे.

तारखा पुढे ढकलता येत असतील, तर सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात निघावे. १५ ऑगस्टच्या फेर्रागोस्तो या सणाच्या आगेमागे सारा इटली समुद्रावर लोटलेला असतो आणि ती गर्दी ऑगस्टअखेर हळूहळू ओसरते. समुद्र मात्र उन्हाळाभर तापलेला असल्यामुळे सप्टेंबरमध्येही पाण्याचे तापमान २५ अंशांच्या आसपास राहते. जूनच्या आरंभी तेच पाणी बरेच गार असते.

सुरुवात पालेर्मोहून रेल्वेने साधारण तासाभरावर असलेल्या चेफालूपासून करावी. वाळूचा किनारा थेट जुन्या गावाच्या भिंतींना लागतो, त्यामुळे पोहून झाल्यावर दहा मिनिटांत आपण ११३१ साली राजा दुसऱ्या रॉजरने पायाभरणी केलेल्या कॅथेड्रलमध्ये पोहोचतो. तेथील मोझेकमधल्या ख्रिस्ताच्या हातातील उघड्या ग्रंथाचे एक पान ग्रीक आणि दुसरे लॅटिन आहे, ते जवळ जाऊन अवश्य पाहावे. गावात खाली उतरत जाणाऱ्या पायऱ्यांच्या तळाशी मध्ययुगीन धोबीघाट आहे. सिंहमुखांतून पडणारे पाणी दगडी कुंडांतून वाहत अजूनही समुद्राकडे जाते.

वायव्य कोपऱ्यातले माझे सर्वांत आवडते ठिकाण म्हणजे स्कोपेल्लो आणि सान वीतो लो कापो यांच्यामधले झिंगारो हे राखीव क्षेत्र. या किनाऱ्यावरून मोटाररस्ता काढण्याचे काम सुरू झाले होते. मे १९८० मध्ये हजारो लोकांनी मोर्चा काढून ते थांबवले आणि १९८१ मध्ये हे सिसिलीतील पहिले राखीव निसर्गक्षेत्र ठरले. स्कोपेल्लोच्या बाजूने आत शिरताना सुरुवातीलाच जो बोगदा लागतो, तो त्या अपुऱ्या रस्त्याचाच. बोगद्याच्या पलीकडे सुमारे सात किलोमीटरची केवळ पायवाट आहे: एका हाताला डोंगर, दुसऱ्या हाताला खाली खोल निळे पाणी, दोन्ही बाजूंना बुटक्या पामची झुडपे आणि अधूनमधून गोट्यांच्या छोट्या खाड्या. सावली फारच कमी असल्यामुळे सकाळी लवकर निघावे, पिण्याचे पाणी भरपूर न्यावे आणि पायांत चपला न घालता बूट घालावेत. पहिल्या खाडीवर बहुतेक लोक थांबतात. आणखी तासभर चालण्याची तयारी असेल, तर पुढच्या खाड्यांवर माणसे विरळ होत जातात. सान वीतोचा पांढऱ्या वाळूचा, उथळ पाण्याचा किनारा लहान मुलांसाठी फार चांगला आहे, पण तेथे रेल्वे नाही. बस किंवा गाडीनेच जावे लागते.

आग्नेयेकडे मुक्काम सिराकूझाच्या ओर्तिजियात करावा. हे पुलांनी जोडलेले लहानसे बेटच आहे आणि ते पूर्ण पायी फिरता येते. तेथील कॅथेड्रल ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकातील अथेनाच्या मंदिरातच उभे आहे. मंदिराच्या खांबांमधल्या मोकळ्या जागा दगडांनी भरून चर्चच्या भिंती करण्यात आल्या, त्यामुळे बाजूच्या गल्लीतून जाताना भिंतीतून अर्धे बाहेर आलेले डोरिक या ग्रीक शैलीचे खांब दिसतात आणि त्यांवर हातही ठेवता येतो. चौकातून दिसणारा दर्शनी भाग मात्र १६९३ च्या विनाशकारी भूकंपानंतरचा आहे. ओर्तिजियात वाळूचा मोठा किनारा नाही, लोक तटबंदीखालच्या खडकांवरून पाण्यात उतरतात. वाळू हवी असेल, तर दक्षिणेला वेंदिकारीला जावे. दोन टेकाडांमधली तेथील कालामोस्के ही खाडी फारच सुंदर आहे, मात्र गाडी ठेवून तिथपर्यंत बरेच चालावे लागते. परतताना खाजणांत फ्लेमिंगो दिसण्याची शक्यता असते. टूना मासेमारीवर वाढलेले मार्झामेमी हे चिमुकले गाव जवळच आहे. तेथे संध्याकाळी जावे, दुपारी चौक भट्टीसारखा तापतो.

तावोर्मिना अर्थातच देखणे आहे. तेथील प्राचीन नाट्यगृहातून एत्ना हा ज्वालामुखी दिसतो. तरी केवळ समुद्रासाठी तेथे मुक्काम करावा असे मला वाटत नाही. गाव डोंगरावर, किनारा खूप खाली, आणि गर्दी सप्टेंबरमध्येही टिकून असते. एक दिवस पुरेसा आहे.

किनाऱ्यांचे बरेच भाग लिदो म्हणजे छत्र्या आणि खाटा भाड्याने देणाऱ्यांकडे असतात, परंतु ‘स्पिआज्जा लिबेरा’ अशी पाटी असेल तेथे स्वतःचा पंचा अंथरून विनामूल्य बसता येते. जुन्या गावांच्या तोंडाशी ‘झेडटीएल’ची, म्हणजे मर्यादित वाहतूक क्षेत्राची, पाटी दिसली, तर गाडी आत नेऊ नये, कॅमेरा क्रमांक टिपतो आणि दंड भाड्याच्या गाडीच्या कंपनीमार्फत नंतर घरी येतो. पालेर्मोला उतरून पूर्व किनाऱ्यावरच्या कातानियाहून परतीचे विमान घेतल्यास बेट पुन्हा ओलांडावे लागत नाही. सप्टेंबरच्या उत्तरार्धात वादळी पाऊस येऊ शकतो, म्हणून झिंगारो आणि वेंदिकारी यांचे दिवस आधीपासून पक्के न करता, तेथे गेल्यावर वाऱ्याचा अंदाज पाहूनच ठरवावेत.