‘गलोर’ नामाच्या मागेच का येतं?

सेलच्या जाहिरातीतल्या ‘डिस्काउंट्स गलोर’बद्दल तुम्ही विचारलंत: अर्थ ‘भरपूर’ असेल तर ‘गलोर डिस्काउंट्स’ का नाही?

कारण हा शब्द मुळात इंग्रजी नाही. तो सतराव्या शतकात आयरिश ‘गो ल्योर’वरून इंग्रजीत आला, स्कॉटिश गेलिकमध्येही जवळपास असाच शब्द आहे. ‘ल्योर’ म्हणजे पुरेसं. आधीच्या ‘गो’ने विशेषणाचं क्रियाविशेषण होतं, जसं ‘माह’ म्हणजे चांगला आणि ‘गो माह’ म्हणजे चांगल्या रीतीने. आयरिशमध्ये विशेषण सहसा नामानंतर येतं आणि ‘गो ल्योर’ही नामामागे चालतं. इंग्रजीने शब्द उचलला तो त्या जागेसकट.

म्हणजे मूळ अर्थ ‘पुरे’, ‘भरपूर’ नव्हे. आयरिशमध्ये एक म्हण आहे, ‘इस ल्योर नॉड डन ओलख’: जाणत्याला खूण पुरे. आपल्या ‘शहाण्याला शब्दाचा मार’ची सख्खी बहीणच! पुढे आयरिशमध्येच ‘गो ल्योर’ला ‘पुष्कळ’ हाही अर्थ आला. मराठीला यात नवल वाटायला नको, ‘पुरे’ आणि ‘भरपूर’ दोन्ही ‘पूर’मधूनच निघालेत. गंमत म्हणजे त्या ‘पूर’चं, संस्कृत ‘पूर्ण’चं, लांबचं नातं ‘गलोर’शी नसून इंग्रजी ‘प्लेंटी’शी आणि ‘फुल’शी आहे.

वापरताना सगळ्यात जास्त चुकतं ते हे: ‘ऑपर्च्युनिटीज आर गलोर’. आपल्याकडच्या इंग्रजीत हे सर्रास दिसतं, पण प्रमाण इंग्रजीत खटकतं, कारण ‘गलोर’ नामाला चिकटून हवं, मध्ये ‘आर’ नको. ‘देअर आर ऑपर्च्युनिटीज गलोर’ म्हणा. ‘गलोर ऑफ बुक्स’ही नको. नाम अनेकवचनी हवं (‘बुक्स गलोर’), नाहीतर न मोजता येणारं (‘फूड गलोर’). ‘अ बुक गलोर’ होत नाही. ‘मेनी बुक्स गलोर’मधलं ‘मेनी’ गाळा, तेच दोनदा सांगितल्यासारखं होतं. नकोशा गोष्टींनाही चालतं, ‘प्रॉब्लेम्स गलोर’ अगदी बरोबर. उच्चारात जोर दुसऱ्या अक्षरावर, ‘ग’ अगदी ओझरता: ग‑लोऽर.

शब्द बोलका आणि उत्साही आहे. जाहिरात, मथळा, गप्पा यांत शोभतो. अर्जात किंवा अहवालात ‘प्लेंटी ऑफ’ किंवा ‘अ‍ॅबंडंट’ बरं. मराठी करताना म्हणूनच ‘विपुल’ नको, ते फार भारदस्त होतं. ‘चिक्कार’ किंवा ‘रग्गड’ घ्या.