चौघांची गाडी, एकटीचं घर

प्रश्न : दादा, मी रिटायर झालेय, एकटीच असते, आणि हौसेने एक जुनं मोटरहोम घेतलंय. वीस-बावीस वर्षांचं आहे, लांबी सहा मीटर. आत सगळं तपकिरी आणि सगळं चौघांच्या हिशेबाने केलेलं, म्हणजे ड्रायव्हरच्या डोक्यावर डबल बेड, त्याच्यामागे समोरासमोर दोन बाकडी आणि मध्ये टेबल, मग ओटा, आणि पार मागे एकावर एक दोन बंक. मला वर्षातले सात-आठ महिने यातच राहायचंय. बाकडी उखडून तिथे मोठं टेबल, मागे कायमचा बेड, ओट्यावर अस्सल लाकडाची जाड फळी, गॅसचा फ्रिज काढून बॅटरीवरचा, आणि सगळं पांढरंशुभ्र असं डोक्यात आहे. हां, मागच्या खिडकीखाली भिंत बोटाने दाबली की जराशी आत जाते, तिथे वरून नवीन पॅनल ठोकून टाकेन. सुरुवात रंगापासून केली तर चालेल ना?

उत्तर : ताई, रंगाचा डबा अजून उघडूच नका. तुम्ही शेवटी जाता जाता जे लिहिलंय ना, भिंत जराशी आत जाते, तोच तुमचा खरा प्रश्न आहे आणि बाकी सगळं त्याच्यानंतर.

या गाड्यांची भिंत म्हणजे एक सँडविच असतं. बाहेर अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा किंवा फायबर, मध्ये थर्माकोलसारखा फोम आणि लाकडी पट्ट्यांची चौकट, आणि आतून तीन-चार मिलीमीटरचं प्लाय ज्याच्यावर तो तपकिरी कागद चिकटवलेला. भिंत दाबली जाते म्हणजे प्लाय भिजून मऊ पडलंय आणि बहुतेक त्याच्यामागची पट्टीही कुजलीय. त्याच्यावर नवीन पॅनल ठोकलं तर ओल आत कोंडली जाईल आणि दोन पावसाळ्यांनी खिडकीच हलायला लागेल. आणि पाणी जिथे दिसतं तिथूनच शिरतं असंही नाही, छत आणि भिंतीच्या सांध्यातून किंवा छतावरच्या हवेच्या झडपेच्या कडेने आत येतं, पट्टीवरून सरकत सरकत जातं आणि भलतीकडेच उगवतं.

तेव्हा आधी एक ओल मोजायचं मीटर आणा, दोन टाचण्यांचं असतं ते. भिंतींवर, कपाटांच्या आत, चारी कोपऱ्यांत हातभर अंतरावर टोचत जा आणि आकडे कागदावर नकाशा काढून लिहा. हे आकडे काही अगदी बरोबर नसतात पण कोरड्या जागेशी तुलना करायला पुरतात, आणि कुठे २० टक्क्यांच्या वर गेलं तर तिथे उघडून बघायचंच. मग आधी बाहेरून सांधे बंद करायचे, जुनं सीलंट पूर्ण खरवडून काढून (जुन्या सिलिकॉनवर नवीन काही धरत नाही, हे मी दोनदा शिकलोय), खिडकीची चौकट काढून खाली ब्यूटिल टेप (पाणी अडवणारी चिकट रबरी पट्टी) लावून परत बसवायची, वरून पाईपने पाणी मारून बघायचं. ते झालं की आतलं खराब प्लाय कापा, पट्ट्या बदला, आणि लगेच झाकू नका. दोन-चार आठवडे तसंच उघडं राहू दे, दिसायला वाईट दिसतं पण वाळतं.

आता हे वाळेपर्यंत तुम्ही काय करायचं, तर गाडीत राहायचं. आहे तशी. तीन आठवडे तरी. कुठे बसून चहा पिता, चष्मा कुठे ठेवता, ओले कपडे कुठे टांगता, रात्री उठलात तर पाय कशावर आपटतो, सगळं लिहून ठेवा. मी माझ्या गाडीत मोठ्या कौतुकाने भिंतीवर दुमडणारं टेबल केलं, बिजागऱ्या भारीतल्या, आणि आजवर ते एकदाही दुमडलेलं नाही कारण त्याच्यावर कायम काहीतरी पडलेलं असतं. टेबल-बेड करायच्या आधी रिकामी खोकी त्या मापाने रचून बघा, काही खर्च नाही.

बाकड्यांबद्दल. दोन्ही उखडू नका. पुढे तोंड असलेल्या बाकड्याला सीट-बेल्ट असणार आणि त्याची पकड खालच्या लोखंडी चौकटीतून गाडीच्या चेसिसला गेलेली असते. ते काढलं की ती प्रवासाची सीट राहात नाही आणि पुष्कळ देशांत सीटचा आकडा बदलला की गाडीच्या कागदांवरही नोंद बदलावी लागते. शिवाय बाकड्याच्या पोटात पाण्याची टाकी, हीटर नाहीतर वायरींचा गुंता असतो, करवत हातात घ्यायच्या आधी झाकण उघडून टॉर्च मारा. माझ्या मते उलट्या तोंडाचं बाकडं काढा, तिथे टेबल येऊ दे, आणि उरलेलं बाकडं तुमची खुर्ची. एकटीला दोन बाकडी नकोत पण पाहुणी आली तर एक सीट हवी.

वजन! याबद्दल तुम्ही अवाक्षर काढलं नाहीये, कोणीच काढत नाही. गाडीवर कंपनीची एक प्लेट असते (नंबरप्लेट नव्हे), तिच्यावर जास्तीत जास्त किती वजन चालतं ते लिहिलेलं असतं, युरोपातल्या कितीतरी गाड्यांवर ३,५०० किलो असतं. गाडी वजनकाट्यावर न्या, टाक्या भरून, तुम्ही आत बसून, पुढची चाकं आणि मागची चाकं वेगवेगळी मोजा. प्लेटवरच्या आकड्यातून ते वजा करून जे उरलं त्यात तुमचा सगळा संसार. पाणी १ लिटरला १ किलो, म्हणजे शंभर लिटरची टाकी शंभर किलो झाली. तुमची ती जाड फळी, समजा ४० मिलीमीटर बीच, सव्वा मीटर लांब आणि साठ सेंटीमीटर रुंद, ती वीस किलोच्या पुढे जाते. त्याच मापाचं १५ मिलीमीटरचं हलकं पॉप्लर प्लाय पाच किलोच्या आसपास बसतं, वरून लाकडाचा पातळ थर चिकटवा, कोणाला कळतंय. बंक आणि बाकडं निघाल्यावर वजन परत मिळेल तुम्हाला, पण ते मागच्या बेडखाली पुस्तकं आणि बॅटऱ्या भरून संपवू नका. मागच्या चाकांच्याही मागे ठेवलेलं वजन तरफेसारखं काम करतं, मागचं दाबतं आणि पुढचं उचलतं, आणि स्टिअरिंग हलकं लागतं. जड सामान खाली आणि पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्ये.

फ्रिज चालू आहे का? मग राहू द्या. गॅसवरचा फ्रिज आवाज करत नाही, गाडी सपाट उभी असली की झालं, आणि एका जागी दिवसेंदिवस राहणाऱ्याला तो बरा पडतो. बॅटरीवरचा कॉम्प्रेसर फ्रिज दिवसाला ४० अँपिअर-तासाच्या (बॅटरीतला साठा मोजायचं माप) आसपास खातो, उन्हाळ्यात जास्त. साधी शंभर अँपिअर-तासांची बॅटरी निम्मीच वापरायची असते, म्हणजे फ्रिजनेच ती संपवली. लिथियम असेल तर ८० पर्यंत वापरता येते, पण लिथियम शून्य डिग्रीच्या खाली चार्ज करायची नाही हे लक्षात ठेवा. आणि कोणी म्हणेल इन्व्हर्टर लावून विजेची केटली चालवा, तर १,२०० वॅटला १२ व्होल्टवर १०० अँपिअर लागतात, त्याला बोटाएवढी जाड वायर आणि बॅटरीला अगदी लागून फ्यूज हवा. केटली गॅसवर ठेवा हो.

गॅसवरून आठवलं. जमिनीत काही ठिकाणी जाळी लावलेली भोकं दिसतील, नवीन फ्लोअरिंग टाकताना लोक हमखास ती बुजवतात. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो आणि त्या भोकांतून बाहेर जातो, म्हणून ती तिथे आहेत. थंडी येते म्हणूनही बंद करायची नाहीत. गॅसचा अलार्म खाली जमिनीजवळ लावा, कार्बन मोनॉक्साइडचा वेगळा घ्या. गॅसच्या पाईपला मात्र तुम्ही हात लावू नका, ते लायसनवाल्याचं काम.

बेडला खाली सलग फळी नको, पट्ट्या टाका. माणूस रात्रभर श्वास सोडतो, ती वाफ गादीखाली थंड फळीवर जमते आणि बुरशी धरते. थंडीत दारं-खिडक्या लावून गॅसची शेगडी पेटवून ऊब घेणारे असतात, ते तर करूच नका, विषारी वायूचा धोका आहेच, वर १ किलो प्रोपेन जळला की दीड किलोच्या वर पाणी तयार होतं, ते सगळं तुमच्या भिंतींवर.

आणि आता रंग. पल्ले काढून मागे नंबर टाका, तेलकटपणा धुऊन काढा, २४० च्या पॉलिश पेपरने नुसती चमक घालवा, पल्ल्यावर चिकटवलेला कागद फाटेपर्यंत घासू नका. मग गुळगुळीत पृष्ठभागावर धरणारा प्रायमर आणि रंगाचे दोन पातळ हात. पल्ले आठवडाभर तरी एकमेकांना चिकटू देऊ नका. एखादं तपकिरी दार तसंच ठेवा बघा, सगळं पांढरं केलं की फ्रिजमध्ये राहिल्यासारखं वाटतं.

प्रश्न : जुन्या गाद्यांना वास येतो. नुसती कव्हरं बदलू की फोमही?

उत्तर : फोमही. तो वास कव्हरात नसतो, वीस वर्षं फोमने प्यायलेल्या ओलीचा असतो. झोपायच्या गादीला १०-१२ सेंटीमीटर घ्या आणि घनता ३५ च्या आसपासची (म्हणजे घनमीटरला ३५ किलो). हलका फोम सहा महिन्यांत बसतो. जुनी गादी फेकू नका, आधी तिच्यावरून माप काढा, कारण गाडीतला एकही कोपरा काटकोनात नसतो. आणि कापड आग लवकर न धरणारं घ्या, शेगडी हाताच्या अंतरावर आहे.