उन्हाळ्यात गुहेत बेडूक बघायचे तर

पावसात गुहेत जाऊ नकोस, तेव्हा बहुतेक बेडूक बाहेर डबक्यांवर असतात. एप्रिल-मेमध्ये जा. कातडी ओली असेल तरच बेडकाला तिच्यातून श्वास घेता येतो, म्हणून कोरड्या दिवसांत तो जांभ्याच्या झिरपत्या भेगेत अंग चोरून बसतो. टॉर्च भिंतीला तिरका धर. ओली पाठ चकाकते, मग डोळे दिसतात. वटवाघळांची वसाहत दिसली की मुकाट्याने मागे फिर. हाताला डासांचं मलम असेल तर बेडकाला शिवूच नकोस. एका गुहेतले बूट धुवून, वाळवूनच दुसरीत ने. बेडकांना मारणारी बुरशी चिखलातूनही पसरू शकते. आणि पहिल्या पावसात कुणी ‘जंपिंग चिकन’साठी, म्हणजे खायला बेडूक पकडण्यासाठी, जोडीला बोलावलं, तर सरळ नाही म्हण. गोव्यात बेडूक पकडणं गुन्हा आहे, मित्र असला तरी.