रूटच्या फायली, मुनीमजींचा बॅकअप

प्रश्न : मोंढ्यात आमची आडत आहे. उबुंटूच्या संगणकावरून सोयाबीनच्या मापाच्या नोंदींचा बॅकअप रात्री 2 वाजता व्हायचा. स्क्रिप्ट (कमांडची फाइल) रूटच्या, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याच्या, क्रॉनटॅबमधून (ठरलेल्या वेळी कामे चालवणाऱ्या क्रॉनची यादी) काढून 'मुनीम' खात्याच्या क्रॉनटॅबमध्ये टाकली, तेव्हापासून बॅकअप बंद. सुडो (रूटच्या अधिकाराने चालवणारी कमांड) लावून हाताने चालवली तर होतो. 777 (सर्वांना सगळी परवानगी) देऊनही फरक नाही. – वाचक, परभणी

उत्तर : 777 आधी काढा. आज कोणीही ती स्क्रिप्ट बदलू शकतो, आणि बदललेली स्क्रिप्ट रात्री मुनीमजींच्या नावावर चालेल. मालकी मुनीमकडे ठेवून 750 (मालकाला सगळे, गटाला वाचणे-चालवणे, इतरांना काही नाही) द्या, तेवढे पुरते.

गोम स्क्रिप्टमध्ये नाही, तिने आधी बनवलेल्या फायलींत आहे. रूटकडून चालत होती तेव्हा बॅकअपचा फोल्डर आणि लॉग (काय झाले त्याच्या नोंदींची फाइल) रूटच्या नावावर झाले. 'एलएस -एल' करून पाहा, मालकाच्या जागी 'रूट' दिसेल. क्रॉनटॅबच्या ओळीत शेवटी '>>' देऊन लॉग जोडला असेल, तर शेल (कमांड चालवणारा प्रोग्रॅम) आधी लॉग उघडतो. तो उघडता आला नाही की स्क्रिप्ट सुरूच होत नाही. सुडोने चालते, कारण तेव्हा तुम्ही पुन्हा रूटच असता. म्हणून ती चाचणी धरू नका. 'सुडो -यू मुनीम' लावून चालवा, रात्रीची चूक दिवसा दिसेल.

चूक कळली का नाही? क्रॉन ती मेलने पाठवतो. मेल सर्व्हर नसला की टाकून देतो, आणि सिसलॉगमध्ये (संगणकाच्या नोंदवहीत) 'नो एमटीए इन्स्टॉल्ड' (मेल पाठवणारा प्रोग्रॅम नाही) एवढीच ओळ उरते.

उपाय : मालकी बदलणारी 'सुडो चोन (chown) -आर मुनीम:मुनीम' फक्त त्या फोल्डरला आणि लॉगला लावा (आर मोठ्या लिपीतला). वरच्या प्रत्येक फोल्डरमध्ये मुनीमला शिरता आले पाहिजे. 'नेमआय (namei) -एल' पूर्ण वाट, प्रत्येक फोल्डरच्या मालकी-परवानगीसह, दाखवते. क्रॉनचा पाथ (कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी) तोकडा असतो, तेव्हा स्क्रिप्टमधल्या कमांडचे पूर्ण पत्ते लिहा.

प्रश्न : रात्री लाईट गेली तर हुकलेला बॅकअप व्हावा म्हणून 'क्रॉन.डेली'मध्ये (रोज चालणाऱ्या स्क्रिप्टच्या फोल्डरात) 'बॅकअप.एसएच' ही स्क्रिप्ट ठेवली. चालत नाही. – वाचक, सेलू

उत्तर : नावातला टिंब काढा; उबुंटूत त्या फोल्डरमधली टिंबवाली नावे वगळली जातात. मालक रूट, परवानगी 755. हुकलेली वेळ क्रॉन भरून काढत नाही, ॲनाक्रॉन बसवलेले असेल तर ते काढते. मात्र तिथली स्क्रिप्ट रूट म्हणून चालते, फायली रूटच्या होतात. त्या मुनीमच्याच राहाव्यात तर आतली बॅकअपची कमांड 'रनयूजर (runuser) -यू मुनीम --' लावून लिहा, म्हणजे ती मुनीमच्या नावाने चालेल.